उकिरड्याची माती आणि अणूचे किरण



आजचा विषय माझा नाही, तुमच्यातल्याच एका बचत गटाने दिलेला आहे. वेल्हे तालुक्यातल्या, म्हणजे कागदोपत्री आता राजगड तालुक्यातल्या, एका गावात बायकांनी मिळून परसबाग करायची ठरवली. शाळेमागची जागा मिळाली, हापशाचं पाणी होतं, खताचा तेवढा प्रश्न उरला. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला जुना उकिरडा आहे, वीस-पंचवीस वर्षांचा. आता तिथे कोणी काही टाकत नाही. वर गवत माजलंय आणि खाली काळीभोर, भुसभुशीत माती. बायका म्हणाल्या, फुकटचं खत आहे, पाट्या भरून आणू. तेवढ्यात एकीच्या मोबाइलवर मेसेज आला की कचऱ्याच्या मातीत अणूचे किरण असतात आणि त्याने कॅन्सर होतो. झालं. पाट्या पालथ्या पडल्या. मग मला निरोप आला, "बाई, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत होता. माती घ्यायची का नाही, ते सांगा."

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. अणूच्या किरणांच्या भीतीने त्या मातीपासून पळू नका. पण ती माती भाजीला घालू नका. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, तेच आज बोलायचं आहे.

मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे. मातीत किरणोत्सर्ग असतो. कचऱ्याच्याच नाही, सगळ्याच मातीत असतो. देवळासमोरच्या, वाफ्यातल्या, तुळशीवृंदावनातल्या मातीतसुद्धा. पृथ्वी झाली तेव्हापासून दगडात युरेनियम, थोरियम आणि एका जातीचं पोटॅशियम अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेलं आहे. त्यांचे अणू आपोआप फुटतात आणि फुटताना त्यातून किरण निघतात. हे बेकेरेल नावाच्या फ्रेंच माणसाला १८९६ साली कळलं. त्यामागोमाग मेरी क्यूरी या बाईने पतीबरोबर राबून १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधून काढलं. किरण बाहेर टाकण्याच्या या गुणाला नाव दिलं तेही तिनेच. एका सेकंदात एक अणू फुटला तर त्याला एक बेकेरेल म्हणायचं. हे माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जगभरच्या मातीची सरासरी काढली तर एक किलो मातीत युरेनियमच्या कुळातले ३०-३५ बेकेरेल, थोरियमचे ३० ते ४५ आणि पोटॅशियमचे सुमारे ४०० बेकेरेल मिळतात. हे दगडावर अवलंबून असतं. ग्रॅनाइटमध्ये जास्त, आपल्या काळ्या दगडात कमी. राजगड, तोरणा ज्या दगडावर उभे आहेत, भोरच्या वाड्यांचे चौथरे ज्या दगडाचे आहेत, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बसॉल्ट. त्यात युरेनियम, थोरियम मुळातच कमी असतं. रायरेश्वराच्या पठारावर रंगीबेरंगी माती दिसते, त्याबद्दलही कोणी काही बोलतं. तो रंग मुख्यतः लोखंडाच्या गंजाचा आहे, किरणांचा नाही. किरणांना रंग नसतो, वास नसतो, चवही नसते. गंमत अशी की शहरात ज्या ग्रॅनाइटचा ओटा हौसेने घालतात, त्यात आपल्या काळ्या पाट्यापेक्षा किरणोत्सर्ग जास्त असतो. म्हणून ओटा फोडायला जाऊ नका, तेवढ्याने काही होत नाही.

आता घरातलंच उदाहरण घ्या. ऊस, भात, भाजीला आपण पोटॅश घालतो, म्युरेट ऑफ पोटॅश. त्या खताच्या एका किलोत सुमारे १६ हजार बेकेरेल असतात. मातीतल्या पोटॅशियमचे ४००, आणि या पिशवीत १६ हजार! तरी ते गोणपाट आपण पडवीत ठेवतो, त्यावर बसून शेंगा फोडतो, आणि आजवर काही बिघडलेलं नाही. कारण पोटॅशियम आपल्या अंगातच असतं. मोठ्या माणसाच्या शरीरात त्याचे चार हजारांच्या वर बेकेरेल रात्रंदिवस चालू असतात. केळं खा, बटाटा खा, नाहीतर उपास करा, शरीर ते प्रमाण सांभाळून असतं. किरण म्हटले की एकदम बॉम्ब आठवतो, म्हणून हे एवढं सांगितलं.

किती झालं म्हणजे जास्त, त्याचं माप वेगळं आहे, मिलिसिव्हर्ट. जमिनीतून, आभाळातून, अन्नातून, हवेतून मिळून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. पोटाचा सीटी स्कॅन केला तर एकाच वेळी साधारण ७-८ मिळतात. आता समजा, त्या उकिरड्याच्या मातीत साध्या मातीच्या दुप्पट किरणोत्सर्ग आहे, आणि तुम्ही वर्षभर रोज एक तास तिथे उभ्या राहिलात. मी कागदावर हिशेब मांडला. जास्तीचे जे पडतील ते मिलिसिव्हर्टच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. छातीच्या एका साध्या एक्स-रेएवढेच.

कोणी म्हणेल, हिशेब कागदावरचा आहे, माणसांचं काय? तर केरळात कोल्लम जिल्ह्यात करुनागप्पळ्ळी म्हणून भाग आहे. तिथल्या समुद्राच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे, त्यात थोरियम भरपूर. काही वाड्यांवर किरणोत्सर्ग साध्या ठिकाणापेक्षा कितीतरी पट. पिढ्यान् पिढ्या लोक त्या वाळूवर झोपतात, मुलं खेळतात. तिथे कॅन्सरची नोंदवही ठेवून सुमारे ७० हजार लोकांवर सरासरी १० वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं. २००९ साली निष्कर्ष छापून आला. जमिनीतल्या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं त्यात दिसलं नाही. याचा अर्थ किरण अमृत आहेत असा नाही. जितके कमी तितके बरे, हाच नियम. पण आपल्या काळ्या मातीला घाबरायचं कारण नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग कचऱ्यात माती बदलते का? बदलते. तिथे काय काय येऊन पडतं ते बघा. दगडी कोळशाची राख. कोळशात थोडं युरेनियम, थोरियम असतं. कोळसा जळून जातो आणि ते राखेत राहतं, म्हणजे घट्ट होतं. दूध आटवलं की साखर वाढते का? नाही, तेवढीच राहते, पण घोट गोड लागतो. तसंच हे. कचरा पेटवला तरी हेच होतं. आग प्लॅस्टिक खाते, पण किरणोत्सर्ग खात नाही. उकळून, धुऊन, पेटवून, कुजवूनही तो संपत नाही. युरेनियम अर्धं व्हायला साडेचारशे कोटी वर्षं लागतात, आपल्या काडेपेटीची काय कथा! शिवाय उकिरड्यात ग्रॅनाइटचे तुकडे, फरशांचे कपचे, सुपर फॉस्फेटची सांडलवण. आणि एक वस्तू तुमच्या आजीच्या काळातली, गॅसबत्तीचं मॅन्टल. लग्नात, भजनाला, जत्रेला डोक्यावरून बत्त्या नेत. त्या पांढऱ्या जाळीत थोरियम असायचं, त्याशिवाय तो लख्ख उजेड पडत नसे. हात लागला की जाळीची राख व्हायची, ती फुंकून टाकायची आणि नवी बांधायची. ती फुंकर काही चांगली नव्हती. अलीकडे थोरियम नसलेली मॅन्टलंही मिळतात. जुनी कुठे माळ्यावर असतील तर मुलांना खेळायला देऊ नका, पिशवीत बांधून वेगळी ठेवा.

हे सगळं धरूनही, कचऱ्याच्या मातीतला नैसर्गिक किरणोत्सर्ग बाहेरून अंगावर पडून त्रास व्हावा, एवढा नसतो. यातला एक प्रकारचा किरण तर कातडीपाशीच अडतो. त्रास होतो तो धूळ आत गेल्यावर, श्वासातून किंवा हाताला लागून तोंडातून. म्हणून उकिरड्याशी काम असेल तर माती ओली करून उकरा, तोंडाला पदर नको, घट्ट रुमाल बांधा, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी तिथे जाऊच नये. आणखी एक सांगते. मातीतून रेडॉन नावाचा वायू वर येतो, तो बंद घरात साठतो. वर्षाचे २.४ म्हटले, त्यातला निम्मा वाटा याचाच. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत जागतिक आरोग्य संघटना तंबाखूनंतर त्याचं नाव घेते. आपल्याकडे दगडच सौम्य, त्यामुळे धोका कमी. तरी मावळातल्या घरांना खिडक्या बेताच्या, आणि पावसाळ्यात चार महिने दारं लोटलेली. दिवसातून दोनदा समोरासमोरची दारं उघडा. रेडॉन जाईल आणि चुलीचा धूरही जाईल. धुराचं नुकसान तर रेडॉनच्या किती पुढचं आहे.

आणि तंबाखूचा विषय निघालाच आहे. मेरी क्यूरीने शोधलेलं ते पोलोनियम तंबाखूच्या पानावर बसतं, हवेतून आणि खतातून. उकिरड्याच्या किरणांची भीती घालणारा मेसेज वाचून दाखवणारी बाई मिश्री लावत लावत तो वाचत होती, असं मला कळलं. मिश्रीतलं सगळ्यात वाईट ते पोलोनियम नव्हे, त्यात कॅन्सर करणारी दुसरी रसायनं पुष्कळ आहेत. पण काळजी कुठे करावी याची आपली जागा चुकते ती अशी. रागावू नका, माझी सख्खी आत्या याच्यात गेली आहे.

आता ज्या गोष्टीला खरंच भ्यायचं, ती सांगते. निसर्गाने मातीत घातलेले किरण वेगळे, आणि माणसाने डबीत कोंडून आणलेले वेगळे. कॅन्सरच्या उपचाराची यंत्रं, कारखान्यात पाइपाचे जोड तपासायची यंत्रं, रस्त्याची घट्टाई मोजायची यंत्रं, यांच्या पोटात काही वेळा किरणोत्सर्गी धातूचा छोटा तुकडा असतो. तो शिशाच्या जाड पेटीत बंद असतो तोवर ठीक. पेटी भंगारात गेली की संपलं.

ब्राझील देशात गोयानिया नावाचं शहर आहे. १९८७ च्या सप्टेंबरात तिथल्या एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून दोघांनी असं यंत्र उचकटलं आणि भंगारवाल्याला विकलं. आतली डबी फुटली. त्यात शंभर ग्रॅमपेक्षाही कमी पूड होती, सीझियमची. अंधारात ती निळी चमकायची. भंगारवाल्याला वाटलं, काहीतरी मौल्यवान आहे. त्याने शेजाऱ्यांना बोलावून दाखवली, नातेवाइकांना चिमूट चिमूट वाटली. कोणी अंगाला लावली. त्याच्या भावाची सहा वर्षांची मुलगी जमिनीवर बसून त्या पुडीशी खेळली आणि त्याच हाताने जेवली. घरात एकेकाला उलट्या, जुलाब सुरू झाले. डॉक्टरला उलगडा होईना. उलगडा कोणाला झाला? त्या भंगारवाल्याच्या बायकोला, गॅब्रिएला तिचं नाव. तिने पाहिलं की ती वस्तू जिथे जिथे गेली तिथलेच लोक आजारी आहेत. तिने ती पिशवीत घातली, बसमध्ये बसली आणि आरोग्य कार्यालयात नेऊन टेबलावर ठेवली, की माझी माणसं यानेच मरत आहेत. त्यामुळे पुढचं कळलं. एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी झाली, त्यातल्या २४९ जणांना बाधा झालेली निघाली. घरं पाडली, अंगणांची माती खरवडून न्यावी लागली. चौघे गेले. ती लहान मुलगी गेली आणि गॅब्रिएलाही गेली.

ब्राझील फार लांब वाटत असेल तर दिल्ली घ्या. २०१० साली एका विद्यापीठाने वापरात नसलेलं जुनं यंत्र लिलावात काढलं. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचलं, तिथे ते तोडलं, आत कोबाल्ट होतं. एका कामगाराचा जीव गेला, आणखी काही जण हातपाय भाजून दवाखान्यात पडले.

आपल्याकडे भंगार वेचणाऱ्या बायका आहेत. खेड-शिवापूरपासून शिरवळपर्यंत रस्त्याकडेला कारखाने आणि भंगाराची दुकानं आहेत. म्हणून खूण लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर पंख्याच्या तीन पात्यांसारखी आकृती, मध्ये एक ठिपका. अशी खूण असलेली, किंवा आकाराच्या मानाने फार जड, गोल, बंद डबी सापडली तर ती उचलायची नाही, ठोकायची नाही, खिशात तर मुळीच घालायची नाही. पाच-पंचवीस पावलं नव्हे, चांगलं लांब जायचं, मुलांना लांब घ्यायचं, पोलीस पाटलांना सांगायचं, ११२ ला फोन करायचा. पुढचं काम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या लोकांचं. गॅब्रिएलासारखी ती पिशवीत घालून घेऊन जायची नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतेय.

बरं, आता परसबागेकडे येऊ. किरणांचं भय नाही तर माती भाजीला का नको?

आपल्या सासवांचा उकिरडा आठवा. शेण, गोठ्यातला पाचोळा, चुलीची राख, भाजीची देठं. ते सगळं जमिनीतून आलेलं, जमिनीत जाणारं. चैत्रात गाडी भरून शेतात टाकली की भात डोलायचा. उकिरडा हा शब्द तेव्हा शिवी नव्हता. गेल्या पंचवीस वर्षांत त्यात काय पडलं? टॉर्चचे सेल, ट्रॅक्टरच्या फुटक्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, औषधाच्या बाटल्या, सुया, रंगाचे डबे, डायपर. गडावर येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशव्या आणि बाटल्या वेगळ्याच. बॅटरीतलं शिसं मातीत बसलं की बसलं, ते कुजत नाही. पालक, मेथी, माठ पानात घेतात, मुळा-गाजराला माती चिकटून येते. शिसं मुलांच्या मेंदूला धरतं आणि गरोदर बाईच्या रक्तातून पोटातल्या बाळाकडे जातं. त्याला लागलीच ताप येत नाही, खोकला येत नाही. पोर अभ्यासात मागे पडलं की आपण पोराला बोलतो. ट्यूबमध्ये पारा, सेलमध्ये कॅडमियम. किरणांच्या मेसेजमध्ये यातलं एकही नाव नव्हतं.

आणि पाणी. पुण्याचा कचरा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडला. तुमच्यापैकी कोणाचं माहेर तिकडे असेल तर मी सांगायला नको. ढिगाखालून काळं पाणी झिरपलं, विहिरी नासल्या, जित्या विहिरीच्या गावात टँकर आले. तिथल्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, वर्षानुवर्षं भांडले. आपला ढीग लहान आहे, पण आपला पाऊस मोठा आहे. वेळवंड खोऱ्यात, हिरडस मावळात जो पडतो तो ढीग धुऊन ओढ्यात नेतो, ओढा कानंदीला, गुंजवणीला, नीरेला मिळतो. आपण धरणाच्या वरची माणसं. खालच्यांच्या हंड्यात काय जायचं ते आपल्या ओढ्याकाठावर ठरतं. म्हणून उकिरडा ओढ्याच्या कडेला नको, हा मुद्दा ग्रामसभेत घ्याच. सेल, बॅटऱ्या, ट्यूब, सुया यांच्यासाठी पंचायतीने वेगळा पिंप ठेवावा, हाही लेखी द्या. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही, हा माझा अनुभव.

त्या गटाला मी हेच कळवलं. भाजीच्या वाफ्याला शेतातली चांगली माती आणि एक वर्ष मुरलेलं शेणखत घ्या, वाफा वीतभर उंच करा. उकिरड्याची माती उचलायची तर हातमोजे घालून, चाळणीतून काढून, काच-सुया वेगळ्या करून फुलझाडांना घाला, कुंपणाच्या झाडांना घाला. खायच्या कशालाच नको. यावर एक मावशी म्हणाल्या, "मग त्या मातीत झेंडू लावू. दसऱ्याला भोरच्या बाजारात किलोने जातो." रोपं टाकून झाली आहेत. भाव काय मिळाला ते दसऱ्यानंतर त्यांच्याच तोंडून याच वेळेला ऐकू.